मुलांच्या औषधपाण्याची जबाबदारी कोणाची? एका कायद्याची दीडशे वर्षांची गोष्ट

मूल आजारी पडलं तर त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोणी करायचा? तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, हा काय प्रश्न झाला? आई-वडिलांनीच करायचा!" अगदी बरोबर. आता हाच प्रश्न थोडा वेगळ्या तऱ्हेने विचारतो. आई-वडील वेगळे राहत असतील तर? मूल आईजवळ आणि नोकरीतून मिळालेला आरोग्यविमा वडिलांजवळ असेल तर? वडिलांनी नोकरी बदलली आणि नव्या विम्यात मुलाचं नाव घालायचं राहून गेलं तर? आणि राहून गेलं नाही, मुद्दामच घातलं नाही तर?

या प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठी अमेरिकेत पन्नास वर्षं कायदे होत राहिले, दुरुस्त होत राहिले. त्याची गोष्ट आज सांगायची आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत. तिथे एखादं लग्न मोडलं की इकडे आजी-आजोबांना पहिली काळजी नातवंडांची लागते, आणि तिथला विमा म्हणजे काय प्रकार आहे हे कळत नाही. शिवाय या कायद्याने जे धडे घेतले ते इथे आपल्यालाही उपयोगी पडणारे आहेत.

डॉक्टरने कायद्याबद्दल का लिहावं, असं वाटेल. लहान मुलांच्या आजारात वेळ महत्त्वाचा असतो. 'पैसे कोण देणार' याचा निकाल लागेपर्यंत ताप थांबत नाही. दम्याचं रोजचं औषध महिनाभर बंद पडलं तर पुढच्या झटक्याला मुलाला रात्री इमर्जन्सीमध्ये न्यावं लागतं. खर्चाची जबाबदारी आधी ठरलेली असणं हाही एका अर्थाने प्रतिबंधक उपचारच आहे.

पहिली पायरी : डॉक्टरला बोलावणं हे कर्तव्य

गोष्टीची सुरुवात अमेरिकेत नाही, इंग्लंडमध्ये होते. तिथे १६०१ च्या गरिबांसाठीच्या कायद्याने आई-वडिलांवर आपल्या निराधार मुलांना पोसण्याची जबाबदारी टाकली होती. त्यामागे दया कमी आणि हिशोब जास्त होता. घरच्यांनी पोसलं नाही तर गावाच्या तिजोरीवर भार पडे. अमेरिकेतल्या वसाहतींनी हेच तत्त्व उचललं. 'मुलाचा खर्च सरकारवर पडू नये' हा विचार पुढे तीनशे वर्षं या कायद्यांच्या मुळाशी राहिला.

पण पोसणं म्हणजे अन्न-वस्त्र-निवारा. औषधाचं काय? १८६८ मध्ये लंडनमध्ये एका जोडप्यावर खटला झाला. त्यांचं लहान बाळ फुप्फुसाच्या आजाराने गेलं होतं. ते ज्या छोट्या ख्रिस्ती पंथाचे होते, तो पंथ आजारात डॉक्टर न बोलावता प्रार्थनेवर भर देणारा होता. आई-वडील प्रेमळ होते, त्यांनी बाळाची शुश्रूषाही केली होती. ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेने गरिबांसाठीच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि चौदा वर्षांखालच्या, आपल्या ताब्यातल्या मुलाला पुरेसं अन्न, कपडे, निवारा किंवा वैद्यकीय मदत जाणूनबुजून न देणं आणि त्यामुळे त्याच्या तब्येतीला गंभीर इजा होणं किंवा होण्याची शक्यता निर्माण होणं, हा गुन्हा ठरवला. १८७५ मध्ये तशाच एका खटल्यात न्यायालयाने पालकाची शिक्षा कायम ठेवली.

तो काळ लक्षात घ्या. १८६८ मध्ये प्रतिजैविकं नव्हती, सलाईन सर्रास वापरात नव्हतं. न्यूमोनिया झालेल्या बाळासाठी डॉक्टर फार काही करू शकत नसे. तरीही कायद्याने म्हटलं, डॉक्टरला बोलवायलाच हवं. आई-वडिलांच्या कर्तव्यात औषधोपचाराचं नाव लेखी आलं, ही फार मोठी गोष्ट होती.

पण त्या कायद्याच्या दोन मर्यादा होत्या. मुलाचं नुकसान झाल्यावर, किंवा होण्याच्या बेतात असताना, तो शिक्षा करायचा. उपचाराची सोय करून देत नव्हता. आणि तो लागू होता मूल ज्याच्या ताब्यात आहे त्या पालकाला. दूर निघून गेलेल्या बापापर्यंत तो पोहोचत नव्हता.

विमा नोकरीला कसा चिकटला?

आता अमेरिकेत येऊ. पुढचं समजण्यासाठी एक गोष्ट माहीत हवी. तिथे बहुतेक कामकरी कुटुंबांचा आरोग्यविमा नोकरीतून येतो. हे कोणी ठरवून केलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली. कामगारांची टंचाई होती आणि पगार वाढवता येत नव्हता. आरोग्यविम्यासारख्या सवलतींना मात्र ते बंधन नव्हतं. मग कंपन्या कामगार टिकवण्यासाठी विमा देऊ लागल्या. १९५४ च्या आयकर कायद्याने मालकाने भरलेल्या हप्त्यावर कामगाराला कर लागणार नाही हे पक्कं केलं. तेव्हापासून विमा नोकरीला चिकटला तो चिकटलाच.

कुटुंब एकत्र असेपर्यंत यात अडचण नव्हती. बाप कारखान्यात, विमा कारखान्याचा, बायको-मुलं त्याच्या पॉलिसीत. पण १९६० नंतर घटस्फोट वाढले, लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलांचं प्रमाणही वाढलं. मूल आईजवळ आणि विमा बापाच्या नोकरीत, अशी लाखो घरं तयार झाली.

या मुलांना वैद्यकीय मदत कोण देत होतं? १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरीब मुलांसाठी रोख मदत सुरू केली होती. १९६५ मध्ये मेडिकेड आलं, म्हणजे गरिबांसाठी सरकारी खर्चाने आरोग्यसेवा. बाप खर्च करत नसेल आणि आई गरीब असेल, तर मुलाचं बिल मेडिकेड, म्हणजे करदाते भरत. १६०१ चा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

१९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधल्या एका प्रकरणात सांगितलं की, राज्याने लग्नातून झालेल्या मुलांना वडिलांकडून पालनपोषणाचा हक्क दिला असेल, तर लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांना तो नाकारता येणार नाही. जानेवारी १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी मुलांच्या पोटगीच्या वसुलीसाठी केंद्राची मदत असलेली राज्यनिहाय यंत्रणा उभी करणाऱ्या कायद्यावर सही केली. दूर राहणाऱ्या पालकाचा पत्ता शोधणं, पितृत्व ठरवणं, कोर्टाचा आदेश मिळवणं, पैसे वसूल करणं ही तिची कामं. पण ही सगळी यंत्रणा पैशांसाठी होती. विम्याचा त्यात उल्लेख नव्हता.

१९८४ : विमा मागा

आपण एक काल्पनिक कुटुंब घेऊ. सहा वर्षांची मुलगी, तिला दमा आहे. ती आईजवळ ओहायोत राहते. वडील टेक्सासमध्ये एका मोठ्या कंपनीत नोकरीला आहेत आणि कंपनीचा चांगला विमा आहे. आईच्या दुकानातल्या नोकरीत विमा नाही. कोर्टाने वडिलांना दरमहा पोटगी द्यायला सांगितली आहे. ते ती देतातही. पण पोटगीचे पैसे घरभाडं, खाणं, शाळा यात संपतात. दम्याचा पंप, तपासणी, रात्रीची इमर्जन्सी यासाठी काही उरत नाही.

१९८४ मध्ये अमेरिकी संसदेने पोटगीवसुलीच्या कायद्यात दुरुस्ती केली. वसुली यंत्रणांनी कोर्टाकडे नुसते पैसे मागायचे नाहीत. वेगळ्या राहणाऱ्या पालकाला वाजवी खर्चात विमा मिळत असेल, तर मुलाला त्यात घालण्याचा आदेशही मागायचा. १९८५ च्या नियमांनी 'वाजवी खर्च' म्हणजे काय तेही सांगितलं : नोकरीतून किंवा कुठल्याही गटातून मिळणारा विमा वाजवी समजायचा. या व्याख्येने पुढे घोटाळा केला, त्याबद्दल नंतर.

कागदावर प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात आपल्या मुलीला विमा मिळालाच असता असं नाही. बघा काय काय व्हायचं. वडील आदेश हातात घेऊन गप्प बसले तर कंपनीला तो कळायचाच नाही. कळलाच तर विमा कंपनी म्हणायची, "मुलगी यांच्या घरी राहत नाही, आमच्या नियमात बसत नाही." किंवा "आयकराच्या कागदात हिला अवलंबित दाखवलेलं नाही." किंवा "आई-वडिलांचं लग्न झालेलं नव्हतं." किंवा "नाव घालायची मुदत नोव्हेंबरमध्ये असते, आता मार्च आहे." आणि नाव लागलंच, तर बिलाचे पैसे विमा वडिलांच्या पत्त्यावर पाठवायचा. बिल भरलं आईने, चेक मिळाला बापाला!

यावर एखाद्या राज्याने कडक कायदा केला तरी तो सगळीकडे लागू पडत नव्हता. १९७४ च्या एरिसा नावाच्या केंद्रीय कायद्याने नोकरीतल्या लाभांच्या योजना राज्यांच्या हाताबाहेर नेल्या होत्या. ज्या मोठ्या कंपन्या विमा कंपनीकडून पॉलिसी न घेता कामगारांची बिलं स्वतःच भरतात, त्यांच्या योजनांना राज्याचे विमा नियम लागत नाहीत. आपल्या मुलीचे वडील नेमके अशाच कंपनीत असतील, तर ओहायोचं कोर्ट काय करणार?

१९९३ : एकेक पळवाट बंद

ऑगस्ट १९९३ मध्ये अर्थसंकल्पाबरोबर एक लांबलचक कायदा मंजूर झाला. त्याच्या आत मुलांच्या विम्याची काही कलमं होती. वर्तमानपत्रांचं लक्ष करांवर होतं. माझ्या मते मुलांच्या दृष्टीने त्या कायद्याचा सर्वांत मोलाचा भाग हाच. वर सांगितलेली एकेक पळवाट त्यात नाव घेऊन बंद केली आहे.

पहिलं, एरिसा कायद्यातच दुरुस्ती झाली. राज्याच्या कोर्टाचा मुलाच्या वैद्यकीय खर्चाबद्दलचा आदेश ठराविक नमुन्यात असेल, तर नोकरीतल्या योजनेला तो पाळावाच लागेल. आदेशात पालकाचं आणि मुलाचं नाव-पत्ता, कुठल्या प्रकारचं संरक्षण आणि किती काळासाठी, एवढं स्पष्ट हवं. योजनेत जो लाभ कोणालाच मिळत नाही, तो मात्र आदेशाने मागता येत नाही.

दुसरं, राज्यांनी आपल्या कायद्यात पुढील नियम घालावेत असं बंधन आलं :

- मूल लग्नाबाहेर जन्मलं, आयकरात अवलंबित दाखवलेलं नाही, पालकाजवळ राहत नाही किंवा विमा कंपनीच्या भागात राहत नाही, या कारणांनी त्याला नाकारता येणार नाही.
- कोर्टाचा आदेश असेल तर नोंदणीची वार्षिक मुदत आड येणार नाही. मार्चमध्येही नाव लागेल.
- आदेश असलेल्या पालकाने अर्ज केला नाही, तर दुसरा पालक किंवा सरकारी यंत्रणा अर्ज करू शकेल.
- आदेश संपल्याचा किंवा मुलाला तसाच दुसरा विमा मिळाल्याचा लेखी पुरावा असल्याशिवाय मुलाचं नाव काढता येणार नाही. मालकाने सगळ्यांचाच कुटुंबविमा बंद केला तर गोष्ट वेगळी.
- कामगाराच्या वाट्याचा हप्ता मालकाने पगारातून कापायचा.
- मूल ज्याच्याजवळ आहे त्या पालकाला विमा कंपनीने माहिती द्यायची, त्याचा क्लेम दुसऱ्या पालकाच्या मंजुरीशिवाय घ्यायचा आणि पैसे थेट त्याला किंवा दवाखान्याला द्यायचे.

शेवटचा नियम पुन्हा वाचा. डॉक्टर म्हणून मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मुलाला दवाखान्यात घेऊन येतो तो त्याच्याजवळ राहणारा पालक. विम्याचा कागद, माहिती आणि क्लेमचा अधिकार त्याच्याच हातात हवा. नाहीतर विमा असून नसल्यासारखा.

१९९६ ते २००० : आदेश कंपनीच्या टेबलावर

तरीही एक अडचण उरली. लोक नोकऱ्या बदलतात. वडिलांनी टेक्सासची नोकरी सोडून फ्लोरिडात दुसरी धरली की नव्या कंपनीला आदेशाची कल्पना नसते. १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या कायद्याने सांगितलं की, सरकारी यंत्रणेमार्फत होणाऱ्या प्रत्येक पोटगीच्या आदेशात आरोग्यविम्याची तरतूद असलीच पाहिजे, आणि नोकरी बदलली तर ती तरतूद नव्या मालकाला कळवली पाहिजे.

आता अडचण कागदांची होती. पन्नास राज्यं, पन्नास नमुने. अनेक राज्यांत कामगार असलेल्या कंपनीच्या कार्यालयात वेगवेगळ्या भाषेतले आदेश येत आणि त्यातला कायद्यात बसणारा कुठला, हे ठरवण्यात महिने जात. १९९८ च्या कायद्याने देशभर एकच नमुना करायचं ठरवलं. डिसेंबर २००० मध्ये त्याचे नियम जाहीर झाले. मालकाने नोटिशीच्या तारखेपासून कामाच्या २० दिवसांत ती विमा योजनेकडे पाठवायची. योजनेने नोटिशीच्या तारखेपासून कामाच्या ४० दिवसांत नोंदणीचा निर्णय कळवायचा. कोर्टाच्या आदेशापासून मुलीच्या विमा कार्डापर्यंतचा रस्ता पहिल्यांदाच दिवसांत मोजता येऊ लागला.

परवडणारा म्हणजे कोणाला परवडणारा?

आता १९८५ च्या त्या व्याख्येकडे वळू. नोकरीतला विमा म्हणजे वाजवी, मग त्याची किंमत काही का असेना! १९८५ मध्ये हे बऱ्यापैकी चाललं, कारण मालक हप्त्याचा मोठा भाग भरत. पुढे उपचार महागले, हप्ते वाढले आणि मालक कुटुंबाच्या हप्त्याचा जास्त वाटा कामगाराकडून घेऊ लागले.

आपल्या मुलीचे वडील आता गोदामात तासावर काम करतात असं समजा. कुटुंबाच्या विम्याचा हप्ता कापला की पगारात थोडेच पैसे उरतात, आणि पोटगी त्यातूनच द्यायची. पगारातून जास्तीत जास्त किती कापता येईल यावर केंद्रीय कायद्याची मर्यादा आहे. दोन्ही बसत नसेल तर आधी पोटगी की आधी हप्ता, हे राज्य ठरवतं. म्हणजे मुलीला दूध हवं की विमा, असा पेच. ज्या कायद्याने मुलीचं भलं करायचं, तोच तिच्या ताटातलं काढून घेणार का?

दुसरा पेच अंतराचा. त्या काळात अनेक विमा योजना ठराविक भागातल्या ठराविक डॉक्टरांपुरत्याच होत्या. वडिलांचा विमा टेक्सासच्या डॉक्टरांचा, मुलगी ओहायोत. कार्ड आहे, पण ते घेणारा डॉक्टर जवळपास नाही. असा विमा मिळाला काय आणि न मिळाला काय.

१९९८ च्या कायद्याने नेमलेल्या कार्यगटाने २००० साली या दोन्हींचा विचार करणारा मोठा अहवाल दिला. त्यांच्या सूचना साध्या होत्या. फक्त वेगळ्या राहणाऱ्या पालकाकडेच का बघता? दोघांपैकी ज्याच्याकडे चांगला आणि परवडणारा विमा असेल त्याच्याकडून घ्या. हप्ता उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर वाजवी समजा. मुलाचा डॉक्टर साधारण ३० मिनिटांच्या किंवा ३० मैलांच्या आत असावा.

हे कायद्यात यायला आणखी काही वर्षं गेली. फेब्रुवारी २००६ मध्ये सही झालेल्या कायद्याने आई किंवा वडील, कोणावरही किंवा दोघांवर ही जबाबदारी टाकता येईल असं म्हटलं. २००८ च्या नियमांनी एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के ही मर्यादा घातली; राज्यांना दुसरी सयुक्तिक मोजपट्टी ठरवायची मुभा दिली. विमा परवडत नसेल तर औषधोपचारासाठी वेगळी रोख रक्कम ठरवायची सोयही केली.

२०१० ते २०१६ : सरकारी विमा चालेल का?

२०१० मध्ये ओबामांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा आला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या. एकोणीस वर्षांखालच्या मुलांना आधीच्या आजाराच्या कारणाने विमा नाकारायला बंदी आली. आपल्या दम्याच्या मुलीसाठी हे फार मोलाचं. आणि मुलांना पालकांच्या विम्यात २६ वर्षांपर्यंत राहता येऊ लागलं. इथे गैरसमज होतो म्हणून सांगतो. हे २६ वर्षांचं बंधन विमा योजनेवर आहे, आई-वडिलांवर नाही. मुलं विम्यात घेणाऱ्या योजनेला त्यांना तोपर्यंत ठेवावं लागतं. मुलाला विम्यात ठेवण्याचं पालकांवरचं कोर्टाचं बंधन सर्वसाधारणपणे पोटगीबरोबरच, म्हणजे बहुतेक राज्यांत १८ च्या आसपास संपतं.

शेवटचं पाऊल डिसेंबर २०१६ चं. मूल मेडिकेडसारख्या सरकारी योजनेत असेल तर पालकाचं कर्तव्य पुरं झालं असं समजायचं का? पूर्वी उत्तर 'नाही' असं होतं. सरकारचा खर्च वाचवण्यासाठीच तर हे सगळं सुरू झालं होतं! २०१६ च्या नियमांनी राज्यांना सांगितलं की, सरकारी विमाही वैद्यकीय संरक्षण म्हणून मोजता येईल. १६०१ मध्ये विचारलं जायचं, 'खर्च गावावर तर पडत नाही ना?' आता पहिला प्रश्न 'मुलाला संरक्षण आहे ना?' असा होऊ लागला. मुलाकडून पाहिलं तर हाच क्रम बरोबर आहे.

आपल्याकडे काय आहे?

मुलांना आरोग्यविमा देण्याचं असं बंधन आपल्याकडच्या पोटगीच्या कायद्यात नाही. पण औषधोपचाराचा हक्क मात्र जुना आणि स्पष्ट आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात पालकाने मुलाच्या आरोग्याकडे लक्ष द्यावं असं लिहिलं आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात निर्वाह या शब्दाच्या व्याख्येतच अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण यांच्याबरोबर वैद्यकीय उपचार आहेत, आणि अज्ञान मुलांना सांभाळण्याची जबाबदारी आई आणि वडील दोघांवर आहे, मूल लग्नातलं असो वा लग्नाबाहेरचं.

सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू असणारी फौजदारी कायद्यातली पोटगी १८९८ च्या संहितेत कलम ४८८ मध्ये होती, १९७३ च्या संहितेत ती कलम १२५ झाली आणि जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. तिथे २००१ पर्यंत दरमहा जास्तीत जास्त ५०० रुपयांची मर्यादा होती! त्या रकमेत मुलाचं जेवण, शाळा आणि औषध कसं बसवायचं, हे त्या आयांनाच ठाऊक. २००१ मध्ये ही मर्यादा काढली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीबद्दल दिलेल्या एका महत्त्वाच्या निकालात मुलाच्या खर्चात वैद्यकीय खर्च धरायचा, हे स्पष्ट सांगितलं.

म्हणजे हक्क आहे. पण अमेरिकेत १९८४ नंतर जे दिसलं तेच इथेही दिसतं. आदेश वेगळा आणि उपचाराच्या वेळी हातात असलेलं कार्ड वेगळं. अनेक कंपन्यांच्या गटविम्यात मुलं असतात. कामगार राज्य विमा योजनेतही कामगाराच्या कुटुंबाला उपचार मिळतात. पण नवरा-बायको वेगळे झाले की कार्ड एकाकडे आणि तापलेलं मूल दुसऱ्याकडे, असं होऊ शकतं.

तुम्ही काय करू शकता?

मी वकील नाही. कायद्याचा सल्ला वकिलाकडूनच घ्या. पण वेगळं होण्याची वेळ आली असेल, तर त्या अमेरिकी कायद्याला अनुभवातून जे सुचलं ते तुमच्या वकिलाला जरूर विचारा :

१. औषधोपचाराचा खर्च पोटगीच्या एकूण रकमेत मिसळू नका, वेगळा लिहून घ्या. विमा कोण काढणार, हप्ता कोण भरणार, हे नावानिशी असू द्या.

२. विम्यात न बसणारा खर्च, म्हणजे ओपीडी, लसी, चष्मा, दात, कोणी किती वाटून घ्यायचा ते ठरवा.

३. मूल ज्याच्याजवळ राहतं त्याच्याकडे पॉलिसीची प्रत, ई-कार्ड, टीपीएचा फोन नंबर आणि नूतनीकरणाची तारीख असलीच पाहिजे.

४. नोकरी सुटली किंवा बदलली तर किती दिवसांत कळवायचं, तेही लिहा. विमा तुटतो तो बहुतेकदा इथेच.

५. मूल राहतं त्या गावात त्या विम्याचं कॅशलेस रुग्णालय आहे का, ते आधी बघा.

तुमची मुलगी किंवा मुलगा अमेरिकेत असेल आणि अशा प्रसंगातून जात असेल, तर त्यांना सांगा की नोंदणीची मुदत गेली म्हणून हताश होऊ नका. कोर्टाचा आदेश असेल तर वर्षात कधीही नाव लागू शकतं, आणि समोरच्याने अर्ज केला नाही तर राज्याची पोटगीवसुली यंत्रणा मदत करते. हे व्हिसा किंवा नागरिकत्वाच्या प्रश्नांपासून वेगळं आहे. त्यासाठी वेगळा सल्ला लागेल.

आणि तुमचं घर एकत्र आणि आनंदात असेल तर? तरीही आजच एक काम करा. मुलाचं विमा कार्ड, लसीकरणाची नोंद आणि चालू औषधांची चिठ्ठी यांचे फोटो आई, वडील आणि आजी-आजोबा, सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता मूल घेऊन धावणारा माणूस कोण असेल, हे आधी सांगता येत नाही. जो असेल, त्याच्या हातात ते कार्ड हवं.